ऐकू येतं, पण कळत नाही

बडोद्यात फतेगंज, अलकापुरी, मांजलपूर अशा कुठल्याही भागात गेलं तरी परदेशी भाषांच्या क्लासच्या पाट्या दिसतात. इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करून घेणारे क्लास सर्वांत जास्त, त्यांच्या मागोमाग जर्मन आणि फ्रेंच. इंग्लंड-कॅनडाची वाट जुनी आहे. जर्मनीची वाट त्यामानानं नवी, आणि नर्सिंग, इंजिनिअरिंग शिकलेली मुलंमुली आता ती धरू लागली आहेत. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्यासाठी स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ स्वतः बडोद्यात आले होते. ठरलेल्या ५६ विमानांपैकी ४० इथं तयार व्हायची आहेत, म्हणजे स्पॅनिश शिकायलाही गावात कारण आलं आहे.

या सगळ्या भाषांच्या विद्यार्थ्यांकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली म्हणजे, ‘ते फार भरभर बोलतात. शब्द माहीत असतो, पण ऐकताना ओळखूच येत नाही.’ आणि दुसरी, ‘कळतं सगळं, पण बोलायला गेलं की अडतं.’ आपल्याकडे या दोन्ही गोष्टी व्याकरण आणि शब्दसंग्रह पक्का झाला की आपोआप येतील असं धरून चालतात. गेल्या शंभर वर्षांतले प्रयोग आणि संशोधन मात्र निराळंच सांगतं. ऐकून समजणं ही स्वतंत्र कमाई आहे, ओघानं बोलणं ही दुसरी, आणि दोन्हींसाठी वेगळा वेळ द्यावा लागतो. बडोद्याला हे कळायला बाहेरच्या संशोधनाची वाट पाहण्याचीही गरज नव्हती. गावाच्या इतिहासातच त्याचे दोन मोठे दाखले आहेत.

पहिला दाखला सयाजीराव महाराजांचा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या या मुलाला २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. एफ. ए. एच. एलियट यांच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचं शिक्षण जवळजवळ एकदमच सुरू झालं. डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभाराची सूत्रं हाती आली. आणि १९३३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत याच माणसानं इंग्रजीत भाषण केलं. बुद्धी आणि चिकाटी यांचं श्रेय आहेच, पण एक गोष्ट नजरेआड होते. त्या चारपैकी कोणतीही भाषा त्यांच्यासाठी फक्त पुस्तकात नव्हती. एलियट रोज इंग्रजीत बोलत होते, वाड्यात मराठी होती, प्रजा गुजराती बोलत होती. शिकलेला शब्द त्याच दिवशी कानावर पडायचा.

दुसरा दाखला मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात उणीव उघडी दिसते. अरविंद घोष फेब्रुवारी १८९३ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत आले. सातव्या वर्षी इंग्लंडला गेलेला हा मुलगा एकविसाव्या वर्षी परतला होता. ग्रीक आणि लॅटिनवर प्रभुत्व होतं, फ्रेंच इतकं चांगलं की बडोदा कॉलेजात त्यांनी ते शिकवलं. पण मुलं इंग्रजी वळणात वाढावीत असा वडिलांचा कटाक्ष असल्यामुळे मातृभाषा बंगालीच राहून गेली होती. बडोद्यात त्यांनी संस्कृत आणि बंगाली स्वतःच्या बळावर शिकून घेतल्या. बंकिमचंद्र आणि मधुसूदन दत्त ते मुळातून वाचू लागले. मधुसूदन दत्तांची बंगाली काही सोपी नाही. ती वाचू शकणारा माणूस बंगाली ‘येते’ असंच कोणीही म्हणेल.

तरीही १८९८ साली दीनेंद्रकुमार राय या बंगाली लेखकाला त्यांच्याकडे बडोद्याला बोलावण्यात आलं आणि ते दोन वर्षांहून अधिक काळ त्यांच्या घरी राहिले. राय यांनी नेमकं काय केलं याविषयी पुढे अरविंदांनीच खुलासा केला आहे. ती रीतसर शिकवणी नव्हती. राय सोबती म्हणून राहत होते, आणि भाषा सुधारणं व बंगाली संभाषणाची सवय होणं हा त्या सहवासाचा हेतू होता. अर्ध्या डझन भाषा आत्मसात केलेल्या माणसानंही वाचनापुढे जाण्यासाठी आणखी पुस्तकं न मागवता एक बोलणारा माणूस घरात आणला, ही गोष्ट प्रत्येक भाषाशिक्षकानं लक्षात ठेवावी अशी आहे. आणि तरीही दोन्ही अंगं सारखी वाढतात असं नाही. १९०९ साली ते ‘धर्म’ हे बंगाली साप्ताहिक संपादित करत होते, त्यात लिहीत होते. त्याच वर्षीचं उत्तरपाड्याचं त्यांचं प्रसिद्ध भाषण मात्र इंग्रजीत आहे.

मग आपल्या शाळांतली परदेशी भाषा डोळ्यांचीच का राहिली? एक कारण परंपरेचं. संस्कृत ज्या रीतीनं शिकवायची, म्हणजे रूपं पाठ, नियम पाठ, मग भाषांतर, तीच रीत इंग्रजीला लागू झाली. दुसरं कारण विचारपूर्वक घेतलेल्या एका भूमिकेचं आहे. ढाक्याला शिक्षण खात्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर मोठा अहवाल लिहिला. त्यांचा मुद्दा असा की बहुसंख्य मुलं शाळा मध्येच सोडतात. अशा मुलाच्या पदरात जे उरेल ते उपयोगी असावं, आणि थोडंबहुत वाचन हे अर्धवट संभाषणापेक्षा जास्त टिकतं. म्हणून आधी वाचन. त्या काळच्या बंगालसाठी हा विचार चुकीचा नव्हता. खेड्यातल्या मुलाला इंग्रज भेटणार कुठे होता? पण आज बडोद्याहून निघालेला मुलगा वीस तासांत फ्रँकफर्टच्या विमानतळावर उभा असतो. परिस्थिती पालटली, तासिका तीच राहिली.

वेस्ट यांच्या उलट टोकाचा प्रयोगही भारतातच झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि आसपासच्या साध्या सरकारी शाळांत व्याकरणाचा क्रमवार पाठ बाजूला ठेवला. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशी कामं ठेवली आणि ती इंग्रजीत सोडवायला लावली. मुलांनी लगेच बोललंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. शिक्षक बोलायचे, मुलं ऐकायची, कळलं की नाही हे उत्तरावरून दिसायचं. त्याच सुमारास अमेरिकेत स्टीफन क्रॅशन मांडत होते की समजेल अशी भाषा भरपूर कानांवर आणि डोळ्यांवर पडली की भाषा आत मुरते. बोलणं त्यामागून येतं. कॅनडात मेरिल स्वेन यांना मात्र वेगळंच दिसलं. शाळेतले सगळे विषय वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकलेली इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच उत्तम समजत होती, पण बोलताना त्यांच्या चुका तशाच राहत होत्या. स्वतः वाक्य जुळवायची पाळी आल्याशिवाय आपल्याला काय येत नाही हे कळत नाही, असं त्यांनी १९८५ साली म्हटलं.

बडोद्याच्या मराठी घरांत या दोघांचाही पुरावा एकाच वेळी मिळतो. दांडिया बाजार, रावपुऱ्यातलं मराठी घरचं मूल गुजराती शिकायला क्लासला जात नाही. गल्लीतली मुलं, भाजीवाली, शाळेतला डबा वाटून खाणारा मित्र यांच्याकडून ती भाषा येते, आणि वर्णमाला हाती येण्याआधी हेल हाती येतो. क्रॅशन यांचं म्हणणं इथं तंतोतंत पटतं. पण त्याच घरात लग्न होऊन महाराष्ट्रातून आलेली एखादी आजी असते. शेजारणीचं गुजराती तिला शब्दन्‌शब्द कळतं, उत्तर मात्र ती मराठीतच देते, आणि शेजारणीलाही ते चालतं. बोलायची वेळच न आल्यामुळे ती भाषा कानातच थांबली. म्हणून समजणं आणि बोलणं यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

आधी समजण्याचं घेऊ. छापील पानावर शब्दांमध्ये कोरी जागा असते. बोलण्यात ती नसते. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाच्या कानांनी पाहिलं तर हे झटकन कळेल. त्याच्या पुस्तकात ‘तू काय करत आहेस’ असतं, रस्त्यावर त्याला ‘काय करतोयस’ ऐकू येतं. ‘यायचे आहे’चं ‘यायचंय’, ‘पाहिजे’चं ‘पायजे’, ‘म्हणजे’चं ‘म्हंजे’ होतं. त्याला हे सगळे शब्द ‘येत’ असतात आणि तरी एकही ओळखू येत नाही. आपलं इंग्रजीत नेमकं हेच होतं. इंग्रजी बोलणारा महत्त्वाच्या अक्षरावर जोर देतो आणि मधले छोटे शब्द गिळतो. ‘डिड यू’चं ‘डिजू’ होतं, ‘वॉन्ट टू’चं ‘वॉना’. मराठीत प्रत्येक अक्षराला बऱ्यापैकी सारखा वेळ मिळतो, म्हणून आपला कान गिळलेल्या अक्षरांची वाट पाहत बसतो आणि तेवढ्यात वाक्य पुढे निघून जातं. फ्रेंचमध्ये एका शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाला चिकटतं. ‘ले’ आणि ‘आमी’ वेगवेगळे पाठ केलेल्याला ‘लेझामी’ हा एक नवाच शब्द वाटतो.

‘भरभर बोलतात’ या तक्रारीत थोडं तथ्य आहे. पेलेग्रिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली सात भाषांची मोजणी प्रसिद्ध केली. स्पॅनिशमध्ये सेकंदाला सरासरी ७.८२ अक्षरं बोलली जातात, इंग्रजीत ६.१९, जर्मनमध्ये ५.९७. म्हणजे स्पॅनिश खरोखर वेगवान आहे. पण तिच्या प्रत्येक अक्षरात आशय कमी भरलेला असतो, त्यामुळे एका सेकंदात पोचणारी माहिती या बहुतेक भाषांत एकमेकींच्या जवळपासच येते. जर्मन या मोजणीत इंग्रजीहूनही संथ आहे, आणि तरी जर्मन शिकणारा ‘भरभर’ची तक्रार करतोच. म्हणजे वेगापेक्षा जास्त अडचण ओळखण्याची आहे. काही ध्वनी तर आपला कान वेगळे मानतच नाही. मराठीच्या एका ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन ध्वनी बुडून जातात. जर्मनमध्ये ‘आधीच’ आणि ‘सुंदर’ या अर्थांच्या दोन शब्दांत फक्त एका स्वराचा फरक आहे, आणि तो नवशिक्याला ऐकू येत नाही. हा दोष वयाबरोबर कायमचा जडतो असं मानलं जायचं. जपानी लोकांना इंग्रजीतला ‘र’ आणि ‘ल’ यांतला फरक शिकवणाऱ्या लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांच्या १९९१च्या प्रयोगानं दाखवलं की प्रौढ कानही सुधारतो. मात्र एकाच शिक्षकाचा आवाज पुरत नाही, निरनिराळ्या माणसांचे निरनिराळे आवाज ऐकवावे लागतात.

शब्दसंग्रहाचा वाटा अर्थातच आहे. व्हॅन झेलंड आणि श्मिट यांच्या २०१३च्या अभ्यासानुसार साध्या गोष्टी-गप्पा बऱ्यापैकी समजायला इंग्रजीचे दोन ते तीन हजार मूळ शब्द आणि त्यांची रूपं पुरतात. हा आकडा आवाक्यातला आहे. बारावी झालेल्या पुष्कळ मुलांना इतके शब्द वाचून ओळखता येतात. प्रश्न ते कानानं ओळखण्याचा आहे, आणि याच जागी आपल्या क्लासांवर माझा खरा आक्षेप आहे.

आयईएलटीएसच्या श्रवण परीक्षेत चार भाग, चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण फक्त एकदाच ऐकायला मिळतं. परीक्षेला ते ठीक आहे. पण क्लासमध्ये रोज तेच घडतं: मुद्रण लावायचं, उत्तरं भरायची, चाळीसपैकी किती बरोबर ते मोजायचं, पुढचा पेपर घ्यायचा. ब्रिटिश अभ्यासक जॉन फील्ड यांनी २००८च्या आपल्या पुस्तकात यावरच बोट ठेवलं आहे. प्रश्नोत्तरांनी फक्त एवढं कळतं की विद्यार्थी चुकला. तो कुठल्या आवाजापाशी अडखळला, शब्द कुठे तुटतो हे त्याला कळलं नाही की अर्थच माहीत नव्हता, हे कळत नाही. ताप मोजत राहणं म्हणजे औषध देणं नव्हे. त्याऐवजी चुकलेल्या जागी थांबावं, तेच दहा सेकंद पुन्हा ऐकावे, ऐकू आलं तसं लिहावं, मग छापील मजकूर समोर ठेवून तुलना करावी, आणि मजकूर बाजूला सारून आणखी एकदा ऐकावं. जुनं श्रुतलेखन हेच करत होतं. ते पुन्हा वर्गात यायला हवं, यावेळी खऱ्या वेगातल्या बोलण्यासह.

मजकूर समोर कधी यावा हा प्रश्न बारीक पण फार कामाचा आहे. परदेशी मालिका पाहताना बहुतेक जण इंग्रजी किंवा हिंदी उपशीर्षकं लावतात आणि आपण भाषा शिकतो आहोत असं समजतात. मिटरर आणि मॅक्वीन यांनी २००९ साली डच लोकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन धाटणीच्या इंग्रजीतले कार्यक्रम दाखवले. इंग्रजी उपशीर्षकं वाचलेल्यांचा कान त्या अनोळखी उच्चारांना सरावला. ज्यांना डच उपशीर्षकं मिळाली त्यांची ऐकण्यातली प्रगती उलट अडली. म्हणजे ऐकतो त्याच भाषेतली अक्षरं हवीत. या विचाराचं एक फळ गुजरातमध्येच उगवलं आहे, जरी वेगळ्या हेतूनं. ब्रिज कोठारी कॉर्नेल विद्यापीठात असताना १९९६ साली मित्रांबरोबर आल्मोदोवारचा एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. उपशीर्षकं इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्ये असती तर आपलं स्पॅनिश सुधारलं असतं, असं त्यांना वाटलं. पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये आल्यावर त्यांनी हीच युक्ती दूरदर्शनवरच्या गुजराती चित्रपटगीतांना लावली आणि त्याच भाषेतल्या उपशीर्षकांतून साक्षरतेचं मोठं काम उभं राहिलं. स्पॅनिश ऐकून समजावं म्हणून सुचलेली गोष्ट लाखो लोकांच्या वाचनासाठी वापरली गेली. आता ती मूळच्या हेतूसाठीही वापरायला हरकत नाही.

ओघानं बोलण्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ओघ म्हणजे वेग, आणि वेगासाठी भारी शब्द हवेत, असं धरून क्लास रोज नव्या शब्दांच्या याद्या देतात. अभ्यासक ओघ मोजताना थांबण्याकडे बघतात. मातृभाषेतही माणूस थांबतो, पण बहुधा वाक्याचा एक तुकडा पुरा करून. शिकणारा तुकड्याच्या मध्येच थांबतो, कारण तिथं तो शब्द शोधतोय. ऐकणाऱ्याला खटकतं ते हे थांबणं. त्यामुळे ओघ वाढवायचा तर नवे शब्द देण्यापेक्षा आधीच येत असलेले शब्द हाताशी आणायचे. न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणूनच सांगतात की शिकण्याच्या एकूण वेळाचा चौथा हिस्सा केवळ ओघासाठी राखावा आणि त्या वेळात एकही नवा शब्द, एकही नवा नियम आणू नये. आपल्या शिक्षकांना हे पटवणं सर्वांत अवघड जातं. नवं काही न शिकवता गेलेला तास त्यांना वाया गेलेला वाटतो, आणि फी भरणाऱ्या पालकांनाही.

या तासात करायच्या गोष्टींपैकी एकीचा अभ्यास चांगला झाला आहे. एका विषयावर एका श्रोत्यापुढे चार मिनिटं बोलायचं, मग तेच दुसऱ्या श्रोत्यापुढे तीन मिनिटांत, मग तिसऱ्यापुढे दोन मिनिटांत. श्रोता दर वेळी नवा असल्यामुळे पुन्हा सांगण्याला अर्थ राहतो, आणि वेळ आखडत गेल्यामुळे शोधाशोध कमी करावी लागते. अरेवार्ट आणि नेशन यांना १९९१ साली असं दिसलं की तिसऱ्या खेपेला वेग वाढतो आणि चुका वाढण्याऐवजी थोड्या कमी होतात. पिट्सबर्गला द याँग आणि पर्फेटी यांनी २०११ साली पुढची शंका तपासली: हा ओघ त्या पाठ झालेल्या भाषणापुरताच का? ज्यांनी तोच विषय पुन्हा पुन्हा बोलून सराव केला होता, त्यांचा ओघ नंतर नव्या विषयांतही टिकून राहिला. दर वेळी विषय बदलणाऱ्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. घोकंपट्टीला नावं ठेवता ठेवता आपण पुनरावृत्तीच टाकून दिली, हे नुकसान आहे. जपानमध्ये रुजलेला, ऐकता ऐकता अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं तेच मागोमाग म्हणत जाण्याचा सरावही असाच. तिथल्या अभ्यासांत त्याचा लाभ बोलण्याइतकाच ऐकण्याला, आणि विशेषतः कच्च्या विद्यार्थ्यांना झालेला दिसतो.

आता मोबाइलमधलं यंत्रच जर्मन किंवा स्पॅनिशमध्ये गप्पा मारतं. लाजऱ्या मुलांसाठी हे मोठं साधन आहे आणि मी ते मोकळेपणानं सुचवते. पण यंत्र स्पष्ट बोलतं, शांत खोलीत बोलतं आणि आपलं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतं. दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्याचं गोंगाटात जितकं नुकसान होतं तितकं मातृभाषेत ऐकणाऱ्याचं होत नाही, हे अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. परीक्षेच्या पातळ्याही अशाच स्वच्छ बोलण्यावर बेतलेल्या असतात: युरोपच्या भाषा-पातळ्यांमध्ये बी-वनचं वर्णनच ‘परिचित विषयांवरचं स्पष्ट, प्रमाण बोलणं’ समजण्याचं आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं कुशल कामगार पाठवण्यासाठी जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला. पण त्या राज्याच्या मोठ्या भागात श्वेबिश बोली चालते, आणि तिच्यात ‘मी’साठीचा ‘इश’ नुसता ‘इ’ होतो.

तिथं रुजू होणाऱ्या नर्सला मुखपट्टीआडून, फोनवरून, कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्या रुग्णाच्या तोंडून जर्मन ऐकायची आहे, आणि चूक औषधाच्या मात्रेची होऊ शकते. म्हणून परीक्षेच्या मुद्रणांनंतरचा शेवटचा महिना-दीड महिना याच ऐकण्याला द्यावा असं माझं मत आहे. बडोद्यातून आधी गेलेले विद्यार्थी तिथं आहेत. क्लासनी त्यांना व्हिडिओ कॉलवर वर्गात बोलवावं, आणि त्यांनी आपल्या एखाद्या स्थानिक सहकाऱ्याला शेजारी बसवून त्याच्या बोलीत, त्याच्या वेगानं, कँटीनच्या गलक्यात वर्गाशी बोलायला सांगावं.